उजनीच्या फुगवट्यावर अंदमानची रंगीत तालीम

अंदमानात पडलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा माग काढायला आम्ही काही सोलापूरकर जाणार आहोत. सगळे हौशी, पदरमोड करणारे: शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारा मित्र, स्कूबा शिकलेल्या दोन मुली. समुद्र आमच्यापासून लांब, मग सराव करायचा कुठं? करमाळा तालुक्यात उजनी धरणाचा फुगवटा आहे आणि त्याच्या तळाशी 1980च्या सुमाराला बुडालेली गावं आहेत. गढूळ पाण्याखालची अशी वस्तू आम्हाला हवी होती, जिची जागा कुणाला तरी पक्की ठाऊक आहे. ती आपल्या यंत्राला सापडते का हे आधी बघायलाच हवं. नाहीतर उद्या अंदमानात पडद्यावर काही दिसलं नाही, तर तिथं विमानच नाही की आपल्याला ते ओळखता येत नाही, हे ठरवणार कसं?

अंदमान 23 मार्च 1942 रोजी जपान्यांच्या हाती गेलं. महिनाभरातच ब्रिटिशांच्या हडसन विमानांनी पोर्ट ब्लेअरच्या बंदरात उभ्या जपानी सागरी विमानांवर हल्ले केले. 21 जून 1944 रोजी ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू नौकेवरून उडालेली बाराकुडा आणि कोर्सेअर विमानं तिथं आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात निकोबारवर हल्ला झाला. या मोहिमांतली काही विमानं परत गेली नाहीत. आग्नेय आशियात बेपत्ता झालेल्या हवाई दलाच्या लोकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. सैनिक आणि वैमानिक मिळून तिथं 24 हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, थडगं नसलेल्यांची. आम्ही शोधतोय ते पत्रा आणि इंजिन दिसायला, पण खरं तर ही माणसं.

सोलापूरहून टेंभुर्णीपर्यंत पुण्याचा महामार्ग, पुढे करमाळ्याच्या बाजूला वळायचं. रेल्वेनं जेऊर जवळ पडतं, पण सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, वेळापत्रक बघून निघा. आम्ही सामानामुळे जीप घेतली. मुक्काम कुगावच्या बाजूला केला.

हंगामाबद्दल जरा सविस्तर सांगतो. फेब्रुवारी-मार्च उत्तम. पाणी उतरायला लागलेलं असतं, पण जुन्या भिंतींवर होडी फिरवण्याइतकं असतं. मे महिन्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलं, की अवशेष उघडे पडतात, ते बघायला छान, सरावाला निरुपयोगी. आणि मे महिन्यात वळवाचं वारं सुटतं. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीला निघालेली होडी अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. गावात अजून त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. त्यामुळे लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, होडीत ठेवलेलं नको. बारा वाजायच्या आत काठाला या. होडीवाला नको म्हणाला तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, मग कितीही लांबून आलेला असा.

आमचं साइड स्कॅन सोनार म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून मासे शोधायच्या यंत्राचाच, दोन्ही बाजूंना बघणारा प्रकार. बारा व्होल्टची बॅटरी, एक पडदा, आणि होडीच्या काठाला बांबूला बांधलेला सेन्सर. ताशी चार-पाच किलोमीटरपेक्षा जास्त वेग घेतला की चित्र बिघडतं. प्रत्येक फेरीत तपासलेले पट्टे एकमेकांवर निम्मे तरी चढले पाहिजेत, कारण होडीच्या थेट खाली यंत्र आंधळं असतं. शिकण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे सावली. ध्वनी जिथं अडतो त्याच्या मागे काळी सावली पडते. वस्तू पुसट दिसली तरी सावली आकार सांगते आणि तिच्या लांबीवरून उंची काढता येते. पडद्याकडे बघणाऱ्याचे डोळे लवकर शिणतात, म्हणून त्याला वीस मिनिटांनी बदला.

पण सोनारच्या आधी बोलणं. होडीवाल्या मामांनी त्यांच्या वडिलांना बरोबर आणलं होतं. जुनं गाव उठलं तेव्हा ते तरणे होते. आजोबा काठावरच्या बाभळीकडे आणि पलीकडच्या टेकाडाकडे बघून जागा धरत होते. म्हणाले, “हितं जाळं अडकतंय बघा, खाली भिताड हाय. चावडीचं न्हाई, वाड्याचं.” आम्ही पट्टे मारले आणि काटकोनात वळलेली भिंत तिच्या सावलीसकट पडद्यावर उमटली. आजोबांनी पडद्याकडे फार बघितलंच नाही, त्यांना माहीतच होतं. अंदमानातही आमचा पहिला आठवडा कोळ्यांकडे आणि जुन्या वस्त्यांवर जाणार, तो या सकाळमुळेच. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांत 1 सप्टेंबर 1944 रोजी पडलेलं बी-24 बॉम्बर विमान स्वयंसेवकांच्या चमूला 2004 मध्ये सापडलं, जेमतेम वीस मीटर पाण्यात. त्याआधी कित्येक वर्षं ते चुकीच्या बाजूला शोधलं जात होतं. इतकं उथळ पाणी, तरीही.

ओळखीची भिंत सापडणं पुरेसं नव्हतं. भंगारवाल्याकडून डिझेल इंजिनचा एक ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे वाकलेले पत्रे आणले होते. एका गटानं ते दोर बांधून तळाला सोडले, दुसऱ्यानं शोधले, आणि शेवटी सगळं वर काढून परत नेलं. हा सराव जरूर करा. इंजिन सावलीवरून कळलं. पत्रा गाळात बसला की दगडापेक्षा वेगळा दिसेनासा झाला. त्यातच ॲल्युमिनियमला चुंबकीय यंत्रही दाद देत नाही, ते फक्त इंजिन, चाकांचे दांडे, बंदुका अशा लोखंड-पोलादावर बोलतं. म्हणून पाण्यात विमानाचा आकार शोधू नका. कोर्सेअरचं अठरा सिलिंडरचं गोल इंजिन आणि पंख्याची पाती कशी दिसतात, ते पाठ करा.

जमिनीवरची तालीम वेड्या बाभळीच्या रानात केली. पाच-पाच मीटरवर एकेक जण, होकायंत्र धरून सरळ रेषेत. काटे चुकवताना प्रत्येक जण नकळत बाजूला सरकतो आणि मधल्या पट्ट्या तपासायच्या राहतात. दोन्ही टोकांच्या माणसांनी झाडांना रंगीत सुतळी बांधत गेलं तर हे टळतं. तपासलेल्या आणि रिकाम्या निघालेल्या प्रत्येक पट्टीची नोंद वहीत करा. पुढच्या वर्षी येणाऱ्याला तीच वही सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे.

जेवणाचा प्रश्न सोलापुरानं कधीच सोडवून ठेवलाय. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठवडाभर टिकते, शिजवायला काही लागत नाही.

अंदमानासाठी काही गोष्टी आत्ताच ठरवून टाका. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय नेऊ नका, भारतात तो गुन्हा आहे. ड्रोनसाठी वेगळी परवानगी लागते. आदिवासी राखीव भागात पाऊल टाकायचं नाही. निकोबार त्यामुळेच आम्ही यादीतून काढलं, तिथं अवशेष असण्याची शक्यता कितीही असो. वंडूरचा सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग वन खात्याच्या अखत्यारीत येतो. खाड्यांत मगरी आहेत, आणि ओल्या रानात लेप्टोस्पायरोसिसचा धोका आहे, त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. काही सापडलं तर फोटो, जागेची नोंद, आणि प्रशासनाला कळवणं, एवढंच. बॉम्ब अजून जिवंत असू शकतो. आणि हाडं दिसली तर तिथून मागे फिरायचं, एक बटणसुद्धा उचलायचं नाही.

आमचे अर्ज गेले आहेत. उत्तर आल्याशिवाय विमानाची तिकिटं काढणार नाही. उजनीला कुणी सरावाला जाणार असेल तर जलसंपदा विभागाच्या कार्यालयात आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आधी पत्र द्या, धरणाच्या भिंतीजवळ यंत्र नेऊ नका. होडीवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवा आणि इंधनासोबत त्याच्या बुडालेल्या मासेमारीचे पैसेही न मागता द्या. पहाटे त्याची जाळी निघेपर्यंत काठावर थांबा.