आमची वाटचाल : पट्टी, बंधारा आणि पुसलेल्या कॅसेटा

आमचा धंदा नक्की काय असं कुणी विचारलं की मला अजून पटकन सांगता येत नाही. चॅनल म्हणावं तर ऑफिस म्हणजे कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्याच घराची वरची खोली, माणसं सहा, त्यात एक माझा थोरला भाऊ आणि एक भाची. पण लोक म्हणतात "तुमचं चॅनल", म्हणून आपलं चॅनल.

सुरुवात लग्नाच्या शूटिंगनं झाली. १९९६ ला दादानं सेकंडहँड पॅनासॉनिक एम नाईन थाउजंड घेतला, दिवसभर खांद्यावर वागवला की रात्री मान वळायची नाही. पावसाळ्यात लग्नं नाहीत म्हणजे कॅमेरा कपाटात, म्हणून एका गणपतीत नुसती हौस म्हणून महाद्वार रोडवर रात्रभर उभं राहून विसर्जन मिरवणूक शूट केली आणि कॅसेट ओळखीच्या केबलवाल्याला दिली. दुसऱ्या दिवशी घराखाली ही गर्दी! कौतुकाला नव्हे, भांडायला. "आमचं मंडळ दोनच मिनिटं, आणि त्यांचं पाच मिनिटं, का ओ?" आई घाबरली, दादा मात्र खूश, म्हणाला लोक सेकंद मोजून बघतायत म्हणजे हे चालणार.

१९९९ पासून रोज रात्री आठला अर्ध्या तासाच्या बातम्या. तेव्हा प्रत्येक भागाचा केबलवाला वेगळा, त्याची कंट्रोल रूम वेगळी, त्यामुळं एका व्हीसीआरवरनं दुसऱ्यावर असं करत चार कॅसेटा काढायच्या आणि मी लुनावरनं साडेसातपर्यंत चारी ठिकाणी पोचवायच्या. एकदा गंगावेशीत लुना बंद पडली तर तिकडच्या लोकांनी नऊला बातम्या बघितल्या. दिल्ली-मुंबईचं आम्ही काही दाखवायचो नाही, ते दाखवायला मोठी चॅनल होतीच की. आमच्याकडं नळाला पाणी कधी येणार, त्र्यंबोलीच्या यात्रेला पालखी कुठनं जाणार, आणि फुटबॉल. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही पण आमच्याकडं शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठेतल्या पाटाकडील आणि शिवाजी पेठेतल्या खंडोबा या तालमींच्या टीमची मॅच असली की पेठा रिकाम्या होतात. आमचं ऑफिस मंगळवार पेठेत, म्हणजे शिवाजी पेठेच्या मते आम्ही पहिल्यापासून पाटाकडीलचेच. खंडोबानं मारलेला गोल तीनदा रिप्ले करून दाखवला तरी "चौथ्यांदा का नाही" असा फोन येतोच. (खासगीत सांगायचं तर दादा पाटाकडीलचाच आहे.)

पैसा मात्र बातमीनं कधीच दिला नाही, पैसा दिला स्क्रीनवर खाली फिरणाऱ्या जाहिरातींच्या पट्टीनं. वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, आणि सगळ्यात जास्त निधनवार्ता. कोण गेलं, कुठल्या गल्लीतलं, रक्षाविसर्जन किती वाजता, एवढंच. ही पट्टी लोक हेडलाईनपेक्षा नीट वाचतात, कारण त्यावरनं त्यांची उद्याची सकाळ ठरते. आणि इथंच आमची सगळ्यात मोठी चूक झाली. दोन भावांची नावं अदलाबदल होऊन जो जिवंत होता त्याच्याच नावाची पट्टी रात्रभर फिरली. सकाळी ते गृहस्थ स्वतः जिना चढून आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माझं रक्षाविसर्जन किती वाजता हाय, मलापण यायचंय." मला रडावं का हसावं कळेना, त्यांचा सख्खा भाऊ गेलेला आणि पहाटेपासून माणसं त्यांच्याच बायकोला भेटायला येत होती. त्या दिवसापासून निधनाची पट्टी घरच्या दोन माणसांना फोन करून वाचून दाखवल्याशिवाय लागत नाही, मग रात्रीचे बारा वाजले तरी चालतील.

२०१५ नंतर सेट टॉप बॉक्सचं आलं. कोर्टकचेरीत काही दिवस लांबलं पण आलंच. छोटे केबलवाले मोठ्या नेटवर्कखाली गेले आणि केबलवरच्या ज्या जागेसाठी आम्ही पूर्वी चहा पाजायचो त्या जागेचे आता महिन्याला पैसे मागायला लागले. दोन वर्षं तोट्यात काढली, वहिनीचं सोनं बँकेत होतं, बाकी तपशील नको.

मग २०१९ चा महापूर. कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यात एकच आकडा लागतो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोरालासुद्धा पाठ असतं (सांगलीकर तसं आयर्विन पुलाचं विचारतात). त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, कितीतरी भागात लाईट नाही, आणि लाईट नाही म्हणजे टीव्ही नाही म्हणजे आम्ही पण नाही! भाची तेव्हा कॉलेजात होती, तिनं माझा मोबाईल घेतला आणि फेसबुकवर लाईव्ह सुरू केलं, दर तासाला फक्त पातळी, कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत माणसं हलवलीत, बास. पुण्यातनं, दुबईतनं, कुठनं कुठनं लोक विचारत होते, शाहूपुरीत पाणी कुठपर्यंत आलंय, आईचा फोन लागेना, कुणी जाऊन बघाल का. आमचा कॅमेरामन खरंच बघून यायचा. रात्रीतनं पाणी अमुक फूट वाढणार असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते, ते आम्ही टाकले नाहीत, त्यावरनं शिव्या खाल्ल्या की तुम्ही लपवताय. २०२१ ला परत तेच, पण तोवर आमची सवय झालेली.

आता टीव्हीपेक्षा मोबाईलवरच जास्त बघतात. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे नोव्हेंबरात ९ ते ११ आणि जानेवारीच्या शेवटी, तेव्हा मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी पायापर्यंत, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत पोचतात, ती शेवटची पाच-सात मिनिटं आम्ही एक शब्द बोलत नाही. कधी ढग आडवे येतात, कधी हवेत धूळ, किरणं कमरेलाच थांबतात, आणि मग लोक आमच्यावरच चिडतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. आमच्या गच्चीवरनं धूर दिसत होता. शाहू महाराजांनी १९१५ ला पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं, आणि दुसऱ्या दिवशी ९ तारखेला केशवरावांची जयंती. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, तुमच्याकडं जुनं शूटिंग असेल ना, नाटकांचं, एकांकिका स्पर्धांचं, आमच्या शाळेच्या गॅदरिंगचं. होतं की. सगळं होतं. पण कॅसेट महाग म्हणून आम्ही त्याच कॅसेटवर परत परत रेकॉर्ड करायचो. त्या रंगमंचावरचं पुसून वर कुणाची तरी हळद. तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं की नाट्यगृहाचं शूटिंग जपून ठेवायचं असतं, नाट्यगृह काय, समोरच उभं आहे की.

तरी माळ्यावर दोन पोती निघाली. बऱ्याच कॅसेटांना बुरशी लागलीय. भाची एकेक उघडून पुसतीय, आत्तापर्यंत अकरा चालल्या, त्यातल्या एकीत त्याच स्टेजवर पोरं नाचतायत आणि पडद्यामागनं बाई ओरडतायत ते स्वच्छ ऐकू येतं. आमचा व्हीसीआर मात्र गेल्या आठवड्यात गेला. चालू असलेला कुणाकडं पडून असला तर कळवा, न्यायला मी स्वतः येतो.