मला विचारा, भाऊसाहेब

पहिल्या सेमिस्टरला अर्थशास्त्राच्या पेपरात माझा शेवटचा प्रश्न कोरा राहिला. उत्तर येत होतं, वेळ संपली.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. नळीतून बघावं तेवढाच तुकडा दिसतो. ओळखीच्या जागेत मी काठीशिवाय फिरते, त्यामुळे 'हिला तर दिसतं की' हे नेहमीचंच. पण प्रश्नपत्रिकेवरून नजर उत्तरपत्रिकेवर नेली की ओळ हरवते, आणि ती शोधण्यातच मिनिटं जातात.

परीक्षेआधी बाबा कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आले होते. "मुलीला कमी दिसतं, जरा बघा साहेब." ते "बघू" म्हणाले. बघितलं कुणीच नाही. कागदच नव्हता, तर बघणार काय!

दुसऱ्या सेमिस्टरला अर्ज मी लिहिला. दीड पान. निदान कधी झालं, आईने किती दवाखाने पालथे घातले, सगळं. वरच्या वर्गातल्या एका अंध ताईला तो वाचून दाखवला. ती म्हणाली, "साहेबांना रडू येईल गं, पण त्यांनी करायचं काय, ते कुठंय?"

मग चार ओळी उरल्या. लेखनिक हवा. अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं वाढीव हवीत. लेखनिकाला दोन दिवस आधी भेटू द्यावं. उत्तरं बोलून सांगायची असल्याने वेगळ्या खोलीत बसवावं. खाली आधार दिला: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २९ ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचना. तासाला किमान २० मिनिटं वाढीव, हे त्यातच आहे. त्यांची प्रिंट आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, झेरॉक्स मागे टाचली.

(माझं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या वरचं आहे. ज्यांचं खाली आहे त्यांनी लगेच माघार घेऊ नये. लिहिण्यात अडचण असेल तर टक्के कमी आहेत एवढ्या कारणाने लेखनिक नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१चा निकाल आहे आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२मध्ये वेगळ्या सूचनाही निघाल्यात.)

ऑफिसात भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, चाळला आणि बाबांकडे बघून विचारलं, "हिला नेमकं किती दिसतं?"

"मला विचारा, भाऊसाहेब." हे मी घरी पाच वेळा म्हणून बघितलं होतं, तरी आवाज चिरकलाच. बाबा "चहा घेऊन येतो" म्हणत बाहेर गेले. चहा ते पीत नाहीत.

त्यानंतर अर्धा तास फक्त आम्ही दोघं. ओरिजिनल कार्ड दाखव, लेखनिकाची मार्कशीट आण, तो तुझ्यापेक्षा खालच्या इयत्तेतलाच हवा. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर असा अर्ज बहुधा पहिल्यांदाच आला असावा. निघताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागितला, तेव्हा ते जरा थबकले. पण मारला.

लेखनिक म्हणून गल्लीतली अकरावीची मुलगी मिळाली. खरी मेहनत तिच्यासोबत झाली. मागणी वक्राची आकृती तोंडी सांगून काढून घेणं म्हणजे फोनवरून कुणाला भाकरी थापायला शिकवण्यासारखं आहे. "डावीकडून वरून सुरू कर, उजवीकडे खाली आण, आता नाव दे." ती हुशार, त्यामुळे माझी वाक्यं सुधारायची. तेही स्पष्ट सांगावं लागलं: चुकलं तर माझं चुकू दे, आणि प्रत्येक परिच्छेद वाचून दाखव.

पेपरच्या दिवशी अडीच तास झाले आणि पर्यवेक्षक उत्तरपत्रिका घ्यायला आले. परवानगीचं पत्र दाखवलं. ते विचारायला खाली गेले, 'तोपर्यंत लिहू नका' असं बजावून. लेखनिक पेन धरून बसली, मी मनात उत्तर घोकत बसले. परत येऊन "चालू द्या" म्हणाले. घड्याळात सहा मिनिटं गेली होती. ती द्या म्हटलं, तर त्यांनी नकाराची मान हलवली.

पेपर मात्र या वेळी पूर्ण झाला. त्या सहा मिनिटांचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळीच दिला. भाऊसाहेबांनी मी मागायच्या आत दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला. उत्तर अजून आलेलं नाही.