आठवडा 11 : शेपूट कुठं गळतंय ते सापडलं

मंडळी, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलायचा माझा सराव चालूच आहे, आणि वाक्याचं शेपूट, म्हणजे शेवटचा शब्द, गळतो हे जुनं दुखणंही. दोन आठवडे गप्प होतो, कारण झालेलं सांगायची लाज वाटत होती. ते आधी सांगून टाकतो.

सोसायटीची बैठक होती. माइक नाही, पत्र्याची शेड, पन्नाससाठ माणसं आणि भिंतीपलीकडं यंत्रमागांची खटखट. दहा आठवड्यांची मेहनत अंगात मुरलीय या भ्रमात मी छाती भरून सांगितलं, "उद्या पाणी येणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मागच्या रांगेतल्या चार घरांनी शिळं पाणी झाडांना घालून, बॅरल घासून पालथे घातलेले. आमच्या भागात पाणी चार दिवसांआड, त्यामुळं पुढचं सोलापूरकरांना सांगायला नको. एक काका दारात येऊन म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणलाव की येणार म्हणून!"

म्हणजे 'नाही' गळालं. आपलं तेच जुनं शेपूट. मराठीत गोची ही की आहे-नाही, हवं-नको, सगळा निकाल वाक्याच्या टोकाला लागतो. हिंदीत 'नहीं आएगा' म्हटलं की 'नहीं' आधीच पोचलेलं असतं. आमच्या गल्लीत कन्नडही बोलतात, पण तिथंही 'बरल्ल'मधला नकार शेवटीच. शेपूट गळणाऱ्याला भाषा बदलूनही सुटका नाही.

मागच्या तीन नोंदींत मी याचं खापर श्वासावर फोडलं होतं. ते सपशेल चूक. भाच्याकडं मोबाइल देऊन त्याला शेवटच्या रांगेत बसवला होता, ते रेकॉर्डिंग वीस वेळा ऐकलं. 'येणार' ठणठणीत, 'नाही' म्हणजे नुसती करकर, जुन्या बिजागरीसारखी. मग एक साधी चाचणी केली. लांब वाक्य बोलायचं आणि पूर्णविरामाला नवा श्वास न घेता, उरलेल्या हवेवर 'स' धरायचा. हवा संपली असती तर दोनतीन सेकंदांत खेळ आटोपला असता. माझा 'स' 12 सेकंद चालला. पूर्ण श्वासावर तो 22 जातो, म्हणजे निम्मी टाकी शिल्लक. हवा असताना आवाज का पडावा?

उत्तर पेटीवर सापडलं. माझं वाक्य सुरूच होत होतं मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पांढरी पाचवर (पाचवी पांढरी पट्टी), म्हणजे साधारण 98 हर्ट्झ. का, तर आवाज भारदस्त वाटावा म्हणून! निवेदन म्हटलं की खर्ज, हे खूळ आपल्याकडं कुणी शिरवलं कोण जाणे. साधं विधान संपताना सूर आपसूक खाली येतो. मी तळमजल्यावर उभा राहून जिना उतरायला निघालो होतो. खाली जागाच नाही, मग स्वरतंतू सैल पडतात आणि करकरतात.

आता सुरुवात त्याच्या वरच्या सप्तकातल्या पांढरी एकवरून करतो. पहिले तीन दिवस भांडीवाल्यासारखं ओरडतोय असं वाटलं, घरातही हसले. पण लांबून रेकॉर्ड केलेलं ऐकल्यावर आवाज पातळ वगैरे काही वाटत नाही. वाक्याचा पहिला आणि शेवटचा शब्द यांतला फरक 14 डेसिबलवरून 6 वर आलाय. मोबाइलवरचे आकडे खरे किती ते सोडा, फोन तोच आणि अंतर तेच ठेवलं की फरक कळण्यापुरते चालतात.

सूर वर नेताना घसा आवळला जायचा, तिथं बुडबुड्यांनी तारलं. नळी ओठांत धरून तिचं दुसरं टोक पाण्यात दोनतीन सेंटिमीटर बुडवून 'ऊ' काढायचा. पाण्याचा उलटा दाब मिळाला की तंतू एकमेकांवर कमी आपटतात. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ 2022 पासून बंद, कागदी स्ट्रॉचा पाच मिनिटांत लगदा होतो. नवी पेठेत मत्स्यपेटीच्या सामानात सिलिकॉनची नळी मिळाली, ती सगळ्यांत झकास. ऑनलाइन मागवलेला कॉलर माइक मात्र कपाटात पडलाय, माझ्यापेक्षा शर्टाची सळसळच जास्त पकडतो.

घशासाठी खडीसाखर चघळावी का, असं विचारलं होतं कुणीतरी. तोंड ओलं राहतं एवढाच उपयोग. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंवरून नव्हे. वाफ मात्र तिथवर पोचते. आणि बोलायच्या दिवशी शेंगाचटणी बंद! भाकरीबरोबर तिच्यासाठी जीव गेला तरी चालेल, पण तिचा एक कण घशात अडकला की खाकरणं सुरू, आणि खाकरणं म्हणजे तंतूंना चपराक.

छोटी कमाई: लक्ष्मी मंडईत म्हणालो, "अर्धा किलो भेंडी, कोथिंबीर नको." पहिल्यांदाच पिशवीत कोथिंबीर आली नाही.

यंत्रमागांच्या आवाजाचं मात्र काही जमत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1911 सालीच मांडलं होतं. गच्चीवर सराव केला की माझं तेच होतं आणि पांढरी एकची काळी तीन होते, म्हणजे सूर बराच वर चढतो. म्हणून पुढचा महिना पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी, असं ठरवत होतो.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. वाक्यांऐवजी नावांवर सराव करावा. 12 जानेवारीला हुतात्मा दिनाला मला पाच मिनिटं बोलायचंय. 1931 साली त्याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात आपल्या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. आत्ता मोठ्यानं म्हणून रेकॉर्ड केलं. पहिली तीन नावं स्वच्छ आणि 'शिंदे' पुन्हा करकरीत. त्या यादीतलं एक जरी नाव मागच्या रांगेपर्यंत पोचायचं राहिलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हा तलाव राहू दे, आजपासून ही चार नावं, रोज क्रम बदलून, म्हणजे प्रत्येकाला शेवटी यायची पाळी मिळेल.

एक अडलंय. चौथ्या नावाआधी श्वास घेतला तर ते बाकी तिघांपासून तुटतं, न घेता सलग म्हटलं तर घाईत सूर घसरतो. कुणी असली यादी जाहीरपणे म्हटली असेल तर श्वास कुठं घेतलात ते सांगा. बॅरलवाल्या काकांना शेवटच्या रांगेत बसायची विनंती केलीय.