बाप आणि लेक, एका दुपारी

रविवार, रात्री.

आज आमची रेकॉर्डवाल्यांची बैठक सदाशिव पेठेत, काकांकडे झाली. दुर्मीळच काही आणायचं असं बंधन नाही. सध्या घरी जे ऐकतोय ते काखेत मारून यायचं आणि सगळ्यांना ऐकवायचं.

काकांनी गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी लावली. अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणारी लाखेची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रागाचं दार उघडायलाही इतका वेळ कमीच. पण खाँसाहेब घाई करत नाहीत. पहिल्या सुरापासून आवाज असा काही लागतो की खरखर कानाआड जाते. पुढे सगळं गाणं त्या एका सुराच्या आसऱ्याने चालतं. मला तर तीन तासांच्या मैफलीतही कधीकधी एवढं समाधान मिळत नाही.

त्यानंतर वहिनींनी हिराबाई बडोदेकर लावल्या, आणि खोलीत कुणी बोलेचना.

हिराबाई म्हणजे खाँसाहेबांचीच लेक. बापामागोमाग लेक, हे ठरवून झालं नव्हतं. खाँसाहेबांनी १९१३ मध्ये याच पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. १९२२ मध्ये त्यांच्या पत्नी ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हिराबाईंना पुढची तालीम मिळाली ती गवई वहीद खाँसाहेबांकडे आणि भाऊ सुरेशबाबूंकडे. १९३७ मध्ये अब्दुल करीम खाँसाहेब गेले. घर दुभंगलं, मुलांची नावं बदलली, तरी तो सूर लावण्यातला हळुवारपणा लेकीच्या गळ्यात जसाच्या तसा! वेगवेगळ्या दिवशी ऐकताना हे मला कधी इतकं जाणवलं नव्हतं. एकापाठोपाठ एक तबकड्या फिरल्या तेव्हा अंगावर काटा आला. हिराबाईंच्या गाण्यातला गोडवा कौतुकाने सांगतात, पण त्यामागची शिस्त फार थोडे जण ऐकतात असं मला वाटतं.

मग चहा, साबुदाण्याची खिचडी. एलपीही, म्हणजे नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या तबकड्याही, एक-दोन वाजल्या, छान होत्या.

नवीन आलेल्या मुलाने जुन्या बाजारातून आणलेल्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या दाखवल्या. घरी एलपीसाठी घेतलेल्या स्पिरिटच्या द्रावणाने त्या पुसणार होता. काकांनी त्याला वेळीच थांबवलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यासोबत खाचाही जातील. साधं पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड, आणि मधला कागद ओला होऊ द्यायचा नाही. सुईसुद्धा वेगळी हवी. एलपीची बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकवते. पोरगा सगळं वहीत उतरवून घेत होता. त्याचं मला फार कौतुक वाटलं.

पुढच्या बैठकीला सुरेशबाबू ऐकायचेत. बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारणार. तिथे नाही मिळाले तर मिरजेच्या मित्राला फोन करायचा.