तुम्ही विचारलंत म्हणून : त्या पावसाविषयी

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. आमच्या बँडचं एक गाणं धालोवर, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या पौषातल्या नाचगाण्यावर आहे. त्यात शेवटी एका बाईचा आवाज येतो. ती गाता गाता अडते, ‘फुडें येना’, म्हणजे पुढचं येत नाही, म्हणते, मग ‘तूं जेवलो रे?’ असं विचारते आणि हसते. ती हसते त्याच क्षणी मागे पाऊस लागतो, पावसातून घुमट, ते मातीच्या मडक्याला कातडं चढवलेलं वाद्य, वर येतं आणि गाणं संपतं. हे सगळं आपोआप जुळून आलं का? पाऊस खरंच तेव्हाच आला?

स्टेजवरून मी आजवर ‘हो’ म्हणत आलोय. म्हणजे सरळ ‘हो’ नाही. ‘काही गोष्टी आपण करत नाही, त्या होतात’ असं काहीतरी बोलतो, लोक टाळ्या वाजवतात आणि मी गिटार लावायला खाली वाकतो. ते ऐकून दुबईहून आईला फोन लावला, असं एकानं कळवलं. एका मुलीनं ते तीन शब्द मनगटावर गोंदवून घेतलेत. तिचं मनगट बघितल्यावर तिला काय सांगणार होतो मी?

तर ऐका. तो क्षण तीन तुकड्यांचा आहे. गाणं आणि अडणं मे महिन्यातलं. ‘तूं जेवलो रे?’ त्याच दुपारचं, पण अकरा मिनिटांनंतरचं. हसू जूनमधलं. पाऊसही जूनचाच. तो हसण्याला चिकटून आला होता, वेगळा काढता येईना, म्हणून राहिला. तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही माझ्या हातून साफ न झालेली गोष्ट आहे.

घर मामाचं, वाळपईच्या पुढे. मामी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. बाराच्या सुमारास पोचलो आणि पाणीसुद्धा न पिता तारा पसरायला लागलो. सोप्यावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत मामी, समोर स्टुलावर माईक. पंखा बंद केला, त्याची घरघर येते. आत जाऊन फ्रीजचा प्लग काढला, कुणाला न विचारता. शेजारच्या वयनीला मिक्सर थांबवायला सांगून आलो. कोंबड्या मागच्या दारी हाकलल्या. मे महिन्यातली दुपार, वारा नाही, आणि मी त्या म्हाताऱ्या बाईला पदर सारखा करू नकोस म्हणून सांगतोय, कारण बांगड्या वाजतात.

मामी आधीपासूनच नाराज होती. ‘धालो मांडार म्हणटात रे, खुर्चेर बसून न्हय,’ म्हणाली. मांड म्हणजे धालो खेळायची गावातली ठरलेली जागा. पौषातलं गाणं मे महिन्यात कशाला, हेही म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. दोन कडवी तिनं छान म्हटली, गाण्यात तुम्ही ऐकता ती तीच. तिसऱ्याला अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. ‘फुडें येना.’

आता मी काय करावं? पिशवीतून पुस्तक काढलं. लोकगीतांचा संग्रह, पेन्सिलीच्या खुणा केलेला. ‘मामी, हांगा तूं चुकता,’ म्हणालो आणि वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. ते शब्द आपल्या चालीत बसवून बघितले, बसेनात. मी परत वाचलं, या वेळी सावकाश, शाळेतल्या पोराला सांगतात तसं. मग ती म्हणाली, ‘मुखार कोण ना. कोणाक म्हणूं?’ समोर कुणी नाही, म्हणू कुणाला?

धालोत बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफून. एक रांग ओळ टाकते, दुसरी ती उचलते. इकडची अडली तर तिकडचीच्या तोंडात ओळ तयार असते. सबंध गाणं कुणा एकीला यावं लागतच नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या हातात होतं त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलेलं आहे, आणि त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीची रेघ आहे. माझीच.

तरी मी काय म्हणालो? रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं : ‘एकूच कडवें गो मामी. वेळ जाता म्हाका.’

त्यानंतर जवळजवळ चार मिनिटं कुणीच बोलत नाही. खुर्ची एकदा करकरते. लांबवर कावळा ओरडतो. ती पदरानं मान पुसते, तेसुद्धा ऐकू येतं, इतकी शांतता मी जमवून ठेवली होती. आणि मग, अजिबात न हसता, ती विचारते, ‘तूं जेवलो रे?’

‘जेवलो?’ आमच्याकडे कशाकशासाठी विचारतात, हे गोंयकाराला सांगायला नको. मायेनं विचारतात, बोलायला काही नसलं की विचारतात. विषय संपवायला विचारतात. आता उठा, हेही त्यातच येतं. त्या दुपारचा अर्थ कोणता होता ते शोधायला मी हेडफोन लावून तो तुकडा पन्नासदा तरी ऐकलाय. कधी वाटतं, तिला दया आली. कधी वाटतं, तिनं मला हाकललं. बहुतेक वेळा एवढंच कळतं की दीड वाजला होता, मी खरंच जेवलो नव्हतो आणि ते तिच्या लक्षात होतं. तिनं भात वाढला, सोलकढी दिली, लोणच्याची बरणी पुढे सरकवली. मी जेवलो. तारा गुंडाळल्या, पंखा लावला, निघालो. फ्रीज लावायचा विसरलो. रात्रीसाठी घेतलेले बांगडे आणि कसलं कसलं वाटण होतं आत. दुसऱ्या दिवशी मामेभावाचा फोन आला, सगळं मांजराला घातलं म्हणून.

हसण्याचं सांगतो, ते थोडक्यात आहे. जूनमध्ये घुमटवाल्या मित्राला घेऊन पुन्हा गेलो, पागोळ्यांचा आवाज टिपायला. दमट हवेत घुमटाचं कातडं सैल पडलं होतं. त्यानं ऐटीत थाप मारली आणि ‘भद्द’ असा आवाज आला, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मामी खदखदून हसली. तीच ही. आमच्या फजितीला हसलेली.

आता थोडी माझी बाजू. घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घोरपडीला हात लावता येत नाही, आता बकऱ्याचं चढवतात. आवाज बदलला, जुने वाजवणारे अजून हळहळतात. तरी २०१९ साली गोव्यानं घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला आणि चवथीच्या आरत्यांना कुणी विचारत नाही, हे खरं घुमट की खोटं? मग माझ्याच गाण्याची झडती का?

पूर्वी कुणी फारच खोदून विचारलं तर मी केरीच्या गायिका केसरबाई केरकरांना पुढे करायचो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे आवाज घेऊन जी तबकडी गेली, तिच्यात त्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. साडेतीन मिनिटांच्या आसपास. मैफलीत भैरवी कशी पसरली असती आणि तबकडीवर कशी मावली, तरी तिला कुणी खोटं म्हणतं का, असं मी विचारायचो. समोरचा गप्प बसायचा. केसरबाईंनी कुठे थांबायचं ते स्वतः ठरवलं होतं, एवढी एक बारीक गोष्ट मी गाळायचो. माझ्या मामीच्या अकरा मिनिटांसाठी केसरबाईंची ढाल! आज लिहितानाही कान गरम होतात.

आणि हे कोण करतंय? दिवसा मी वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत असतो. तिथं वहीत आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर दिसला तर नोकरी गेली समजा. तोच मी रात्री दोन वाजता अकरा मिनिटं निवडून एक कळ दाबतो आणि दोन टोकं अर्ध्या सेकंदात एकमेकांत विरघळवतो. सही नाही, तारीख नाही. सांधा इतका बेमालूम झाला की मी खुशीत चहा करून प्यालो.

तेव्हाचा मी आता वाद घालायला येतो. म्हणतो, ती अकरा मिनिटं कुणी ऐकली असती? कुणीच नाही, कबूल. म्हणतो, माया खोटी होती का? नसेलही. म्हणतो, दुबईच्या माणसानं आईला फोन केला तो खोटा होता का? इथं मला उत्तर सुचत नाही. पण मामीला विचारलं होतंस का, असं मी म्हटलं की तोही गप्प होतो.

विचारलं नव्हतं. तिनं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ते मामेभावाच्या फोनवर, मी समोर असताना. डोळे मिटून ऐकत होती. तिचा आवाज आला तशी मान डोलली. हसणं आलं तेव्हा तिनं डोळे उघडले. ‘हांव तेन्ना हांसूंक ना,’ म्हणाली. मी तेव्हा हसले नव्हते. रागानं नाही. सुटे पैसे मोजून एक रुपया कमी आहे म्हणावं, तसं. फोन परत दिला आणि आत गेली. मी मागोमाग गेलो, तर ती नारळ खवत होती. मला काहीतरी बोलायचं होतं. खवणीवरून नजर न काढता तिनं विचारलं, ‘तूं जेवलो रे?’

त्यानंतर मी तिच्यासमोर माईक ठेवलेला नाही. तीही गाण्याचा विषय काढत नाही. घुमटवाला म्हणतो, विसर, म्हातारी खूश आहे, गावात मिरवते. असेलही. व्हायोलिनवाली म्हणते, पुढच्या अल्बममध्ये अकरा मिनिटं जशीच्या तशी टाकूया. मी म्हटलं, आधी मामीला विचारतो. याला दोन वर्षं झाली. फाईल हार्ड डिस्कवर आहे, जाऊन विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात फोंड्याला कार्यक्रम होता. आवाजाचा तो तुकडा आम्ही लॅपटॉपवरून सोडतो. त्या रात्री मी ठरवून बंद ठेवला. दोन कडवी मी गायलो, तिसऱ्याला मुद्दाम थांबलो आणि नुसता उभा राहिलो. वाटलं होतं, लोक चुळबुळतील. क्षणभर शांतता झाली आणि समोरून शेदोनशे गळ्यांतून एकदम आलं, ‘तूं जेवलो रे?’ सगळे हसले. मला पुढचं सुचेना. घुमटवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि थाप घेतली.

कार्यक्रम संपल्यावर तारा गुंडाळत होतो. एक काका जवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘एक विचारू? तो पाऊस खरा होता हो?’

‘होय, खरा होता,’ म्हटलं. ‘जूनचा होता.’

‘जूनचाच असणार,’ म्हणाले आणि समाधानानं गेले.