त्या आकड्यात माणसं किती?

मी अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या फायनान्शियल एड ऑफिसमध्ये काम करते. लोकांना वाटतं आम्ही पैसे वाटतो. खरं तर निम्मा वेळ दुसऱ्या कॉलेजांनी पाठवलेली पत्रं समजावून सांगण्यात जातो, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तर लगीनघाईच, कारण बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत प्रवेश पक्का करायचा असतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये एक बाप-लेक आले. माझ्या नावाची पाटी वाचून वडील थेट मराठीतच सुरू झाले, "ताई, तुम्ही आपल्या आहात म्हणून बोलतो. हिला जरा समजवा, हिस्ट्री घ्यायची म्हणते." हातात कॉलेज स्कोअरकार्डची प्रिंटआउट, म्हणजे सरकारची ती साइट जिथे कुठल्या कॉलेजातला कुठला विषय घेतल्यावर पोरं किती कमावतात आणि किती कर्ज घेऊन बाहेर पडतात ते दिसतं. इतिहासाची ओळ पिवळ्या मार्करने रंगवलेली, कम्प्युटर सायन्सची हिरव्या. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

मी नेहमीचं सुरू केलं. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळतं ते पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, मग ६,५००, मग दोन वर्षं ७,५००, असे चार वर्षांचे २७,०००. विषय कुठलाही असो, तेवढंच. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला तीनशेच्या आसपास.

तेवढ्यात मुलगी वळली आणि इतिहासाच्या ओळीतल्या कमाईच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आंटी, हा नंबर किती लोकांचा आहे?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं! मग मी सगळं सांगितलं, जरा जास्तच उत्साहाने. की ही मध्यिका आहे, म्हणजे निम्मे याच्या वर, निम्मे खाली. यात फक्त सरकारी कर्ज किंवा ग्रँट घेतलेलेच येतात, घरच्या पैशांवर शिकलेले नाहीतच. मोजणीच्या वर्षी जो पुढे लॉ स्कूलला किंवा पीएचडीला आहे तो बाहेर, काहीच कमाई नाही तोही बाहेर, आणि इतिहासवाले पुढे शिकायला बरेच जातात. संख्या कमी पडू नये म्हणून दोन वर्षांचे पदवीधर एकत्र करतात, तरी कमी पडली तर आकडाच झाकतात. ती वहीत लिहून घेत होती. वडील म्हणाले, "बघा, हे असंच चालतं घरी. उलटतपासणी."

मग त्यांनी दुसऱ्या कॉलेजचं पत्र काढलं. खासगी, नाव मोठं. आणि इथे माझं डोकं फिरतं ते फिरलंच. "तुम्हाला मिळणारी मदत" या मथळ्याखाली आधी स्कॉलरशिप, मग मुलीचं कर्ज, मग पेरेंट प्लस ३०,०००, आणि खाली ठळक अक्षरात बाकी शून्य! पेरेंट प्लस म्हणजे आईबापाच्या नावावरचं कर्ज. त्या वर्षी व्याज ९.०८ टक्के आणि वर ४.२२८ टक्के फी, म्हणजे ३०,००० मधले साडेबाराशेच्या वर डॉलर हातात यायच्या आधीच कापलेले. याला मदत म्हणायचं! (२०२२ मध्ये सरकारच्याच ऑडिटवाल्यांनी सांगितलं होतं की दहातली नऊ कॉलेजं पत्रात खरा खर्च देत नाहीत किंवा कमी दाखवतात. फरक शून्य.) १ जुलै २०२६ पासून नव्या पेरेंट प्लसला वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे ६५,००० अशी मर्यादा ठरली आहे, पण तेव्हा तसं काही नव्हतं.

मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. चार वर्षांचे १,२०,०००. त्याच दराने दहा वर्षं फेडायचे तर महिन्याला साधारण १,५२५ डॉलर. आणि स्कोअरकार्डवर विषयासमोर जे कर्ज दिसतं त्यात हे धरलेलं नाही, आईबापाचं कर्ज वेगळीकडे दाखवतात. आमच्याकडे आली तर यातलं काहीच लागणार नव्हतं.

ते बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं पटलं. मग म्हणाले, "हो, पण कम्प्युटर सायन्स घेतलं तर तिथे हे परवडेल ना? मी सही करायला तयार आहे."

म्हणजे भांडण विषयावरून, आणि दीड हजाराचा हप्ता आला कॉलेजमुळे. मी म्हणलं, "दादा, हप्ता तोच राहणार, आणि तो तुमच्या पगारातून जाणार, हिच्या नाही." त्यांनी कागद गोळा केले. "तुम्ही तुमच्याच कॉलेजचं सांगणार," एवढं बोलून उठले. राग आला, पण चूक काय होतं त्यात? पगार मला इथूनच मिळतो. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

संध्याकाळी उगाचच स्कोअरकार्डची मोठी फाइल डाउनलोड केली, इतिहासाचा कोड ५४.०१ शोधला आणि आमच्या ओळीतली माणसं बघितली. एका वर्गात आरामात मावतील एवढी. मुलीने ईमेल दिला होता, तिला तो आकडा कळवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मराठी रोमनमध्ये टाइप केलेलं. थँक यू, आणि मोजणीतून गळलेले लोक सध्या काय करतात ते कुठे मिळेल?

आमच्या डेटावाल्याला विचारलं. तो म्हणाला, माजी विद्यार्थ्यांचा सर्व्हे आहे, पण भरतात कोण, ज्यांचं बरं चाललंय तेच. मी तिला तसंच लिहून पाठवलं. ती कुठे गेली ते सिस्टीममध्ये दोन क्लिकवर कळेल, पण कामाशिवाय कोणाची फाइल उघडायची नाही असा नियम आहे, आणि अजून तरी मी उघडलेली नाही.