तुम्ही विचारलंत म्हणून: पावडर कोणती आणि किती?

मी काडतुसं स्वतः भरतो, म्हणून मला येणारे प्रश्न दोनच असतात. नाइन एमएम या पिस्तुलाच्या काडतुसासाठी पावडर (दारू) कुठली घेऊ, आणि तुम्ही स्वतः किती ग्रेन (वजनाचं बारीक माप) टाकता. पहिल्यावर मी तासभर बोलू शकतो, दुसऱ्याचं उत्तर देत नाही, आणि मग लोक म्हणतात याला शिंगं फुटलीत, गुपित राखतोय. गुपित कसलं डोंबलाचं! पावडर बनवणाऱ्या कंपन्या आकडे स्वतःच छापतात, फुकट देतात, आणि त्यांच्याकडे प्रेशर मोजायची यंत्रणा असते. माझ्याकडे फक्त क्रोनोग्राफ आहे, तो वेग सांगतो, चेंबरमध्ये (बॅरलमध्ये काडतूस बसतं त्या जागी) काय झालं ते नाही.

आता पहिलं घेऊ. पावडरपासून सुरुवात करणंच मला उलटं वाटतं. आधी पिस्तूल, मग काम, मग बुलेट (म्हणजे फक्त पुढे उडणारी गोळी, अख्खं काडतूस नाही), आणि मग पावडर. आयपीएससीच्या नेमबाजी स्पर्धांत मायनर या हलक्या वर्गाला पॉवर फॅक्टर किमान १२५ लागतो, म्हणजे बुलेटचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट पर सेकंदमधला वेग भागिले हजार. १४७ ग्रेनची बुलेट ८५० नी गेली तर १२४.९५, म्हणजे केसभर कमी पडून नापास, ८७० नी गेली की निवांत. ११५ ग्रेनला तेच गाठायला १०९० पर्यंत पळवावं लागतं. म्हणून मॅचवाले जड बुलेटखाली फास्ट (लवकर जळणारी) पावडर घालतात, कमी ग्रेनमध्ये काम होतं, धक्का मऊ लागतो. पण फास्ट पावडरचं प्रेशर वरच्या टोकाला झपकन चढतं, तिथे दशांश ग्रेनचा हिशोब असतो, आणि हे सांगितलं की समोरचा म्हणतो ते ठीक आहे हो, पण तुम्ही किती टाकता?

दुसरी गोष्ट जागेची. .३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस, त्याची केस (पितळी नळकांडं) १८९८ च्या आसपासची, काळ्या दारूच्या मापाची, लांब. तीत टाइटग्रुपसारखी दाट पावडर तळाशी कुठेतरी पडून असते, दोनदा पडली तरी वर जागा उरते आणि घाईत लक्षातही येत नाही. म्हणून मी युनिक नावाची पावडर वापरतो. फुगीर आहे, नाइन एमएममध्ये डबल चार्ज झाला तर ओसंडून बाहेरच येते, .३८ मध्ये ओसंडत नाही पण काठाकडे चढलेली दिसते. तोटे? आहेत ना. पावडर मोजून टाकणाऱ्या मेजरमधून एकसारखी पडत नाही, त्यात एचपी-३८ कितीतरी सरस (विंचेस्टर २३१ म्हणजे तीच पावडर, डबा वेगळा, उगाच दोन्ही घेऊ नका), आणि पिस्तूल काळं होतं. मला चालतं. तुम्हाला नाही चालणार तर नका घेऊ.

प्रायमरचं (केसच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) फार बोलत नाही. स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल एकाच व्यासाचे, दोन्ही बसतात, पण बसतं म्हणून चालतं असं नाही. आणि .४५ च्या ब्रासमध्ये (केसमध्ये) लार्ज आणि स्मॉल दोन्ही पॉकेट (प्रायमरचे खळगे) येतात, निवडून घ्या नाहीतर काडतुसं भरायचं प्रेस अडकून शिव्या घालाल.

आता दुसरा प्रश्न. माझ्या एका मित्राला मी आकडा दिला होता. नुसता आकडा नाही, बुलेट कुठली, प्रायमर कुठला, काडतुसाची पूर्ण लांबी किती, सगळं लिहून दिलं होतं, हे मी आजही ठासून सांगतो. माझी बुलेट राउंड नोजची, म्हणजे गोल नाकाची, होती. ती त्याला मिळाली नाही, त्याने त्याच वजनाची हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली) घेतली. तिचं नाक बोथट, त्यामुळे माझ्या लांबीला ती त्याच्या बॅरलमधल्या रायफलिंगला (आतल्या पिळदार खाचांना) टेकत होती, स्लाइड पूर्ण बंद होईना, म्हणून त्याने काय केलं तर बुलेट अजून आत दाबली, बसायला लागेपर्यंत. पावडर तेवढीच. त्याच्या लेखी त्याने फक्त लांबी ॲडजस्ट केली. पण नाइन एमएमची केस एवढीशी, त्यात बुलेट जरा खोल गेली की पावडरसाठी उरणारी जागा झटकन कमी होते आणि प्रेशर भडकतं, आणि सामी या अमेरिकन मानक संस्थेची प्रेशरची मर्यादा ३५,००० पीएसआय, तिच्या खाली मी तरी बरीच जागा सोडली होती का? नव्हती. तो लोड, म्हणजे बुलेट, पावडर, लांबीचा तो सगळा मेळ, माझ्या पिस्तुलासाठी वरच्या टोकाचा होता आणि मला तो आवडायचा. मी शेजारच्या लेनमध्ये होतो. आवाज वेगळाच आला, मॅगझिन खाली येऊन आपटलं, ग्रिपची चिरफळी उडालेली, आणि तो हाताकडे बघत उभा. केस बुडाशी फुटली होती, फीड रॅम्पच्या (काडतूस चेंबरमध्ये सरकतं त्या उताराच्या) वर जिथे चेंबरचा आधार नसतो तिथे. डोळे वाचले ते चष्म्यामुळे. तळहात सुन्न, बोटांत प्लास्टिकचे तुकडे. आणि तो पहिलं वाक्य काय बोलला? "तूच दिलेला लोड आहे."

दिलेला लोड नव्हताच तो! बुलेट बदलली की लोड नवा, तळाच्या आकड्यापासून पुन्हा वर चढायचं, हे कुठल्याही मॅन्युअलात पहिल्या पानांवर असतं. मी हे त्याला तिथेच ऐकवलं, हाताला फडकं गुंडाळता गुंडाळता, आणि ती वेळ नव्हती हे मान्य. पण त्याआधी छापील आकडे वकिलांना घाबरून कमी लिहिलेले असतात, मधूनच सुरुवात केली तरी चालते, असं रेंजवर मोठ्या आवाजात कोण बोलायचं? मीच. तो म्हणतो त्याने तेच ऐकलं होतं, कागद नंतर वाचला. मग लिहून दिलेलं खरं की बोललेलं? मी कागद धरून बसतो, तो माझं बोलणं धरून बसतो, आणि दोघंही एकमेकांना सोडत नाही.

आणि आकडा कमी करून सांगितला की सुरक्षित, असंही नाही. एच११० सारख्या मॅग्नम (जोरदार काडतुसांच्या) पावडरला कंपनी स्वतःच सांगते की फार खाली जाऊ नका. म्हणजे थोडं कमीच सांगतो, हा शहाणपणाही कामाचा नाही. मी काही सांगायचंच नाही तर तुम्ही दुसऱ्या कुणाला विचाराल, तो छातीठोकपणे सांगेल, मग माझ्या गप्प बसण्याने कुणाचं काय वाचलं, हेही डोक्यात येतं आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तेव्हा विचारायचंच असेल तर बुलेटचं नाव, तुमच्याच बॅरलमध्ये टाकून बघितलेली लांबी, आणि कंपनीच्या तक्त्यातला सुरुवातीचा आकडा तुम्ही मला सांगा. ते जुळतंय की नाही एवढं मी बघेन. १४७ ग्रेनसाठी युनिक सोडून एचपी-३८ वर जावं की नाही हे माझंच अजून ठरत नाहीये, त्यावर कुणी वाद घालणार असेल तर जरूर या.